चहा या शब्दाचा अर्थ

किसुमूच्या कोर्टात मी दुभाषी आहे.
लुओ आत येते, इंग्रजी बाहेर जाते,
मध्ये मी, गाळणीसारखी.
शपथ मात्र अशी घेतलीय
की चोथासुद्धा अडवणार नाही.

आज साक्षीला रिस्पा अवुओर,
एका चौदा आसनी गाडीची मालकीण.
मागच्या काचेवर गाडीचं नाव रंगवलंय : पोले पोले,
म्हणजे सावकाश.
आरोपी झब्लोन ओच्वाडा, वाहन तपासणीचे साहेब,
बावीस वर्षं नोकरी, कडक इस्त्रीचा शर्ट,
दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलेले,
जणू अजूनही कुणी येऊन कापूस फिरवील.

त्या दिवशी फिरवला होता.
आयोगाच्या माणसांनी नोटांना पूड लावून दिली होती.
जांभळ्या दिव्याखाली साहेबांची बोटं काजव्यांसारखी उजळली,
आणि डाव्या कानाची पाळी.
पैसे मोजताना कान खाजवायची सवय असते एकेकाला.

बचावाचा वकील उठला.
"माझ्या अशिलानं नेमकं काय मागितलं?"
"चाय."
"चाय म्हणजे?"
सगळं कोर्ट माझ्याकडे वळलं.

मी म्हटलं, चहा.
वकील खुलला. बघा,
दिवसभर उन्हात गाड्यांच्या पोटाखाली वाकणारा माणूस,
त्यानं घोटभर चहाही मागू नये?
मॅजिस्ट्रेट चेलागत बाईंनी चष्म्यावरून विचारलं,
"आणि इथे? या प्रकरणात?"
"इथेही चहाच, बाई.
फक्त आठ हजार शिलिंगांचा."
मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.
"दुसरं वाक्य नोंदीतून वगळा."
वगळलं.

मग वकिलानं खरा गळ टाकला.
"याआधी कधी दिला होता चहा?"
सरकारी वकील हरकत घ्यायला उठेपर्यंत
रिस्पानं बोटं मोजूनसुद्धा झाली.
सात वेळा.
"तेव्हा तक्रार का नाही केलीत?"
"तेव्हा ब्रेक खराब होते."

पंखा फिरत होता. सरोवराकडून
वाळत घातलेल्या मासळीचा वास आला.
मला बोलायला क्षणभर उशीर झाला :
तिच्या वाक्यात लाज होती की हिशेब,
इंग्रजीत कुठला आवाज लावावा कळेना.

ती थांबली नाही, मी तिच्या मागून धावत राहिले :
"सात वर्षं खोट्याचे पैसे दिले.
यंदा गाय विकली. ब्रेक नवे, चारही टायर नवे.
साहेबांनी वाकून पाहिलं, म्हणाले, छान आहे. पण चाय?
मी म्हटलं, खोट्याचे दिले, खऱ्याचे कसले?
म्हणाले, सवयीचे."

ओच्वाडांनी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली,
सकाळपासून चुकीचं उच्चारलं जाणारं आपलं नाव
कुणीतरी बरोबर उच्चारावं, तशी.

त्या सात वर्षांत
बोंडोच्या उतारावरून त्या गाडीनं मी दोनदा गेले आहे,
आईला बघायला,
मांडीवर कुणाचं तरी झोपलेलं मूल घेऊन.
हे मला कुणी विचारलं नाही.
दुभाष्याला स्वतःचं वाक्य नसतं.

निकाल पुढच्या महिन्यात.
तोवर नवे साहेब सहीला तयार नाहीत,
प्रकरण न्यायप्रविष्ट आहे म्हणतात,
आणि ते पैसेही मागत नाहीत, त्यामुळे बोलणंच खुंटतं.
नव्या ब्रेकची गाडी अंगणात उभी आहे,
खाली सावलीत कोंबड्या बसतात.

कोर्ट सुटल्यावर रिस्पा नाक्यावर दिसली,
पर्स छातीशी धरून,
दुसऱ्याच कुणाच्या गाडीत चढताना.
कंडक्टरनं पत्र्यावर थाप मारली, गाडी निघाली.
तिच्या काचेवर तपासणीचा शिक्का होता,
ताजा, ठसठशीत.