तारू

सडा संपतो तिथं, जिथून खाली एकदम कोकणच,
काळ्या कातळाचं एक तारू अडकलंय.
नाळ समुद्राकडं, पाठ आमच्याकडं.
मी पवनचक्क्यांचा रखवालदार, रात्रपाळीचा.

ठकूबाई येडगे म्हशी घेऊन वर येते,
तारवाच्या कुशीवर चिमूट चिमूट मीठ ठेवते.
म्हशी चाटतात.
किती पिढ्यांच्या जिभा फिरल्या असतील,
तेवढाच दगड गुळगुळीत, बाकी सगळा खरबरीत.

ती सांगते : पूर्वी दर्या इथवर होता.
मिठाचं तारू लागलं. नाखवा म्हणाला,
एका म्हशीला एक पोतं.
गवळ्यांनी अकरा म्हशी चढवल्या.
पोती सोडली तर आत वाळू.
नाखवा पळाला म्हशींसकट,
पण दर्याला लाज वाटली.
तारू गहाण टाकून तो घाट उतरून गेला.

धक्का बसतो तेव्हा, आमच्याकडं बसतोच,
तो दर्या दावं ओढून बघत असतो.
मग वाडीनं थाळी वाजवायची
आणि ओरडायचं : फिटलं नाही अजून!
सदुसष्टला, ती म्हणते,
घरं पडली तरी थाळ्या थांबल्या नव्हत्या.
ती तेव्हा पाळण्यात होती. तरी सांगते.

मागच्या माघात कराडहून एक बाई आल्या,
हातोडी, भिंग, पाठीला पिशवी.
म्हणाल्या, हा लाव्हा, मावशी.
साडेसहा कोटी वर्षांचा.
मऊ थर झिजला, टणक तेवढा उरला.
ठकूबाईनं म्हैस हाकलली, विचारलं :
वितळलेला होता म्हणता? वाहत होता?
हो.
मग झालं की. तरंगलं कशावर, एवढंच कळत नव्हतं.
बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं
आणि खोडलं नाही.

परवा रात्री तीन दहाला
पत्रा थडथडला, डब्यातला चहा सांडला.
बाहेर आलो. वारा पडलेला,
पाती जागच्या जागी,
चांदण्यात सगळा सडा शिडं उतरवल्यासारखा.
माझं गाव तासगावकडलं, द्राक्षांचं.
माझ्या कुणी म्हशी नेल्या नाहीत.
तरी तोंडातून गेलंच : फिटलं नाही अजून!
खालून, वाडीतून, थाळी.

रजिस्टर काढलं. लिहिलं :
३.१०. धक्का सौम्य. नुकसान नाही.
पेन जरा तसंच धरून बसलो.
मग त्याच ओळीत, शेवटी,
तारू जागेवर.