करता येईल

डुलुथचं बंदर गोठलंय. आर्लीन हाक्काला
ओले हातमोजे माझ्या हीटरवर पसरते
आणि घरून लिहून आणलेलं पान पुढं सरकवते:
‘माझ्यामागे वेंडेलचा सांभाळ करावा.’

मी ‘सांभाळ’ खोडतो.
सरकार हाच शब्द हुडकत येतं, सांगतो तिला,
सांभाळ होतोय ना, मग भत्ता कशाला म्हणून.
मग ‘करावा’ही खोडतो.
‘खर्च करता येईल’ लिहितो, विश्वस्ताच्या मर्जीनं,
केवळ त्याच्या मर्जीनं.

म्हणजे नाही केला तरी चालेल?

कागदावर, हो.

वेंडेल त्रेचाळीसचा. भोंग्यावरून जहाज ओळखतो,
बुटाची नाडी मात्र तिनंच बांधायची.
त्याच्या नावावर दोन हजार डॉलरवर
एक सेंट चढला तरी औषधांचं कार्ड जाईल.
म्हणून एकवीस पानं. त्यात तो ‘लाभार्थी’.
नाडीचा उल्लेख कुठंच नाही.
तपासणारा भिंग घेऊन बसला तरी
त्याला आई सापडता कामा नये,
एवढंच माझं कसब. बावीस वर्षांचं.

ती चष्मा पुसते. पुन्हा पुसते.
दुर्बीण बसते का यात, विचारते,
जुनीची एक काच गेलीय.

घरभाडं दिलं तर भत्ता कापतील.
दुर्बीण बसते.
कलम नऊ, मी टाइप करतो: दुर्बीण
घेता येईल.

‘चांगली’ लिहा, ती म्हणते.
लिहिलं.

हातमोजे वाळले नव्हते. तसेच चढवून गेली.