डावा हात

थर्मन गेडीसचा डावा हात
आईच्या इस्त्रीवरून आला.
ब्रॉड स्ट्रीटवरच्या हॉटेलच्या तळघरात
ती दिवसाला दोनशे कॉलर कडक करायची:
दाब, वाफ, उचल.
दाब, वाफ, उचल.
कपड्यांच्या टोपलीत बसलेलं पोर
उचल आणि दाब यांच्या मधली
ती एवढीशी फट ऐकत राहायचं.

उजवा हात मात्र रविवारचा.
मिस लोव्हीनिया ऑर्गनवर
पाद्रीबुवांचं वाक्य संपायच्या आत
त्याला खालून टेकू द्यायची,
आणि बायका हातपंखे थांबवून
"हो, हो" म्हणायच्या.
एकाने सांगायचं, दुसऱ्याने हुंकार द्यायचा,
एवढं एकच व्याकरण त्याला आलं
आणि जन्मभर पुरलं.

एकोणीसशे साठ, फेब्रुवारी.
पाच जण एका गाडीत,
एल्वुडचा बास टपावर बांधलेला,
पूल ओलांडून न्यू जर्सीत.
स्टुडिओतला हीटर बंद, कारण तो गुणगुणतो.
मर्विन स्पायव्ही ट्रम्पेटचं तोंड
काखेत धरून ऊबवत होता.
तीन तास, सहा चिजा,
माणशी पन्नासला दीड डॉलर कमी,
आणि काचेपलीकडे कंपनीचा माणूस
सँडविच खात.

चौथी चीज थर्मनची स्वतःची.
बारा खणांचा संथ ब्लूज.
तिसऱ्या फेरीत उजवा हात चढत चढत गेला
आणि थांबला.
दोन खण. काही नाही.
नुसता क्लीव्हनचा ब्रश, पहाटेच्या झाडूसारखा,
पेडलची कुई,
आणि कुणीतरी, बहुधा एल्वुड,
"सांग रे" म्हणालेला.
मग डावा हात पडला.

नाव त्याने दिलं होतं 'शनिवारची इस्त्री'.
कंपनीने छापलं 'लाल रात्र',
वर लाल झग्यातली बाई, पियानोवर रेललेली.
ती कोण, त्याला कधीच कळलं नाही.
पियानोही तो नव्हता.

आणखी दोन रेकॉर्डी निघाल्या,
त्यातली एक दुसऱ्याच्या नावावर.
मग क्लबांत गिटारी आल्या.
एका रात्री वाजवायला गेला तर दाराला फळ्या.
थर्मन तेवीस नंबरची ट्राम चालवू लागला.
घंटेचा सूर काळी पाच, किंचित उतरलेला.
त्याने डेपोत रीतसर तक्रार नोंदवली.
"वाजते ना?" फोरमनने विचारलं.
"वाजते."
"मग झालं."

सत्त्याऐंशी साली ओसाकाहून एक पोरगा आला,
हिरोआकी, छातीशी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली
'लाल रात्र'.
चहा निवेपर्यंत गप्प बसला. मग म्हणाला,
चौथ्या चिजेत ते दोन खण,
तेव्हा तुमच्या मनात काय होतं?
आणि वही उघडली.

थर्मनने चष्मा शोधला, मिळेना.
सांगता आलं असतं, त्याच थंडीत आई गेली.
गेली होतीच.
सांगता आलं असतं, देव.
"काचेपलीकडचा तो," थर्मन म्हणाला,
"त्याने घड्याळ बघायला हात वर केला.
मला वाटलं, थांबा म्हणतोय.
म्हणून थांबलो."

पोराने पेन खाली ठेवलं.
"मग परत सुरू का केलं?"
"क्लीव्हन थांबला नव्हता ना."

थर्मनकडे ना रेकॉर्ड होती, ना ती लावायचं यंत्र.
दोघं शेजारच्या मिसेस ट्रॉटरकडे गेले.
तिने टेबलावरचा शिवणाचा पसारा सरकवला.
तिचं यंत्र म्हातारं, जरा हळू फिरायचं,
सगळे सूर खाली बसलेले,
ट्रम्पेटला सर्दी झाल्यासारखी.
"हा मी नव्हे," थर्मन म्हणाला,
आणि खुर्ची पुढे ओढली.

ते दोन खण आले.
पोराने डोळे मिटले, मिसेस ट्रॉटरने
तोंडातली टाचणी तशीच धरली,
थर्मनचा डावा हात गुडघ्यावरून उचललेला.
त्या यंत्रावर
ते खण
थोडे जास्त लांब होते.