ओहोटी

एप्रिलच्या दुसऱ्या सोमवारी आम्ही भिंती झाकतो.
पाढ्यांचा तक्ता, अपूर्णांकांची कापलेली वर्तुळं,
विशेषण कशाला म्हणतात ते सांगणारा पिवळा कागद,
सगळ्यावर तपकिरी कागद, कडेनं चिकटपट्टी.
कागदाचं भेंडोळं गोमांसाच्या कारखान्यातून येतं, फुकट.
परीक्षा संपेपर्यंत
खोलीला काही माहीत असता कामा नये.

मंगळवारी गणित.
एलिसेओ त्सोक पडदा सोडून भिंतीकडे बघत बसला,
तपकिरी कागदाच्या नेमक्या त्या कोपऱ्याकडे
जिथे खाली सातची ओळ आहे.
ओठ हलले. नजर एकेक घर उजवीकडे सरकली.
सात आठे छप्पन्न.
नियमांच्या वहीत यावर कलम नाही.
मी तेवढ्यापुरतं खिडकीबाहेर बघितलं.

बुधवारी वाचन.
उतारा एका मुलाचा, जो शिंपले वेचायला
ओहोटीची वाट बघत किनाऱ्यावर बसला आहे.
प्लम फोर्कहून कुठलाही समुद्र दोन दिवसांच्या वाटेवर.
नेब्रास्कात आमचं पाणी म्हणजे गुरांचं टाकं,
आणि पूल उगाच एवढा मोठा का बांधला असं वाटायला लावणारी नदी.
उबाह वरसामेनं हात वर केला.
'मिस व्हासेक, ओहोटी म्हणजे काय?'

बावीस वर्षं शब्दांचे अर्थ सांगून मी पोट भरलं.
आज पदरचं काही घालायचं नाही,
वहीतलं ठळक अक्षरांतलं तेवढंच वाचायचं:
'तुला जमेल तितकं चांगलं कर.'
ती माझ्याकडे बघत राहिली,
दुकान उघडं ठेवून माल नाही म्हणणाऱ्याकडे बघावं तशी.
मग हेडफोन नीट केला. खाली वाकली.

मुलांच्या पडद्यावरचं वाचायचं नसतं. तशी सही केली आहे.
रांगेतून फिरताना मी वाचलं.
प्रश्न: मुलगा का थांबला आहे?
तिनं एका बोटानं टाइप केलं होतं:
पाणी कामावर गेलं आहे. रात्रपाळी आहे.
सकाळी परत येईल पण दमलेलं असेल
म्हणून तो आवाज करत नाही.

तिची आई रात्रभर कारखान्याच्या फरश्या धुते,
गरम पाणी, क्लोरीन, गुडघ्यापर्यंत रबरी बूट.
हे मला माहीत आहे. मार्क देणाऱ्याला नाही.
तो माणूस आहे की यंत्र, ते मला माहीत नाही.

ऑगस्टमध्ये आकडे आले.
मुख्याध्यापक डालग्रेननी भिंतीवर रंगीत खांब उभे केले:
वाचन चार टक्क्यांनी खाली, गणित एकानं वर.
सातवीत एकशे चार मुलं,
म्हणजे एक टक्का साधारण एक मूल.
ते वर गेलेलं एक एलिसेओ असावं असं मी ठरवून टाकलं.
खाली गेलेली चार कोण, कुणी विचारलं नाही.
डोनट संपले होते, खोके मात्र होते.

उबाहच्या नावापुढे: मूलभूत पातळीच्या खाली.
त्या उत्तराला दोनपैकी किती पडले
हे आम्हाला कधीच कळत नाही.

सप्टेंबरात ती दारात थांबली,
आता आठवीतली, उंच, बाहीला खडूचा डाग.
'मिस, परीक्षा झाली ना. आता तरी सांगा. ओहोटी.'
मी फळ्यावर किनारा काढला, वर चंद्र काढला,
तो जरा बटाट्यासारखाच झाला.
म्हटलं, पाणी मागे जातं, मग परत येतं,
मग पुन्हा जातं. दिवसातून दोनदा.

'दोनदा?' तिनं भुवया उंचावल्या. 'म्हणजे डबल शिफ्ट?'

मला हसता आलं नाही.
मी तर ते वाचलंच नव्हतं.