तयम्मुम

बाबा दगडातून डोळा काढताहेत.
सुई दात कोरायच्या मशीनची,
कोण्या दंतवैद्यानं मोडीत विकलेली,
कंप्रेसरला जोडली की दिवसभर गुणगुणते.
आल्निफच्या आमच्या गल्लीत घरोघरी हाच आवाज.
एखाद्या घरातून बंद झाला, तर समजायचं
नमाज, नाहीतर जेवण,
नाहीतर कुणाचा तरी खोकला वाढलाय.

प्राणी अंगठ्याएवढा. पाठीला चुण्या.
डोळ्यात बारीक भिंगांच्या ओळी,
आणि भिंगं दगडाची:
जिवंत होता तेव्हाही दगडाचीच.
हे मी रबातला शिकले, पैसे भरून.
बाबांना शाळेशिवाय ठाऊक:
डोळ्याशी आली की सुई वेगळं बोलते.

चुलतभाऊ उद्दा साच्यात ओतून बनवतो,
आठवड्याला तीस.
एकदा त्यातला एक टेबलावर ठेवून म्हणाला,
ओळखा काका.
बाबांनी जिभेचं टोक लावलं.
"हा कधी जगलाच नाही," म्हणाले,
आणि महिनाभर उद्दाच्या घरचा चहा घेतला नाही.

गिऱ्हाईक विचारतं, किती जुना?
चाळीस कोटी वर्षं, बाबा सांगतात,
मोडक्या फ्रेंचमध्ये, त्याहून मोडक्या जर्मनमध्ये.
किमतीत घासाघीस चालते. ह्या आकड्यात नाही.
शुक्रवारी फकीह सांगतात, सहा दिवस.
बाबा मान डोलावतात.
मानेच्या घडीत आठवड्याची पांढरी धूळ
धुऊनही उरलेली.

पहिल्या वर्षाच्या सुट्टीत मी विचारलं होतं,
नव्यानं शिकलेल्याच्या तोऱ्यात:
दोन्ही एकदम खरं कसं?
सुई थांबवून त्यांनी चष्मा वर केला.
"इतकी वर्षं झाली, मला कुणी निवड म्हणालं नव्हतं.
तूच पहिली."

पळवाट वाटली मला. अजूनही थोडी वाटते.
मी त्यांना थर दाखवले होते, वहीत रंगवून,
कोणता आधी, कोणता नंतर, मध्ये कोण मेलं.
ते प्रत्येक थराला हो म्हणाले
आणि वहीला हात लावण्याआधी
हात पुसून आले.

रबातला माझी नमाज सुटली.
भांडण वगैरे काही नाही,
बस चुकावी तशी एक चुकली, मग पुढची.
घरी आले की आईच्या शेजारी उभी राहते,
ओठ हलवते.
त्या ओठांमागं काय असतं, सांगता येत नाही.
अगदीच रिकामं नसतं. ते एक
मी अजून कुठल्याच वहीत लिहिलेलं नाही.

यंदाही पाऊस नाही.
टँकर मंगळवारी येतो, आज रविवार.
माठातलं पाणी आईनं पिण्यापुरतं झाकून ठेवलंय.
असरची बांग झाली तशी
बाबांनी दोन्ही तळवे
समोरच्या न फोडलेल्या शिळेवर ठेवले,
उचलले, फुंकले,
तोंडावरून फिरवले, मग मनगटापर्यंत.
पाणी नसेल तिथं माती चालते, दगड चालतो,
तशी सवलतच आहे.

शिळेत शिंपल्यांचे तुकडे होते, शेवाळाची नक्षी,
कुणीतरी सरपटत गेल्याची रेघ.
माझ्या तोंडून निघून गेलं:
बाबा, हा समुद्राचा तळ आहे.
"हो ना," ते म्हणाले,
"म्हणजे पाण्यानंच झालं की."

हसले का, ते कळलं नाही, तोवर पाठ फिरली होती.
कोपऱ्यात चटई अंथरताना
त्यांना खोकल्याची उबळ आली,
थांबली, पुन्हा आली.
ह्या धुळीवर सुद्धा माझ्याकडे एक आकडा आहे,
दवाखान्यातून आणलेला,
तो मी अजून सांगितलेला नाही.

मी उठून कंप्रेसर बंद केला.
गल्लीत आमचं घर गप्प झालं.
टेबलावर दिव्याखाली तो डोळा,
अर्धा बाहेर, अर्धा आत.