ताक झाल्यावर

ही चिंचवडला गेली लेकीच्या बाळंतपणाला
आणि तिसऱ्याच रात्री
वालाच्या बिरड्याने माझ्या पोटात मोर्चा काढला.

कन्नमवार नगर, चौथा मजला, पावणेदोन.
मी बनियनवर येरझाऱ्या घालत होतो,
एक हात बेंबीवर, दुसरा भिंतीला.
समोरच्या बिल्डिंगीत
कुणाचा तरी टीव्ही निळा निळा उघडझाप करत होता.

सकाळी फोन.
"ओवा घातला होतात?"
"ओवा?"
"अहो, वालात ओवा. फोडणीतच."
"मला वाटलं, वासाला असतो."
पलीकडे बाळ रडलं आणि ही हसली.
"छत्तीस वर्षं काय वाटलं तुम्हाला,
ताटात रांगोळी काढत होते मी?"

मी एकतीस वर्षं भांडुपच्या रंग-कारखान्यात स्टोअरकीपर.
कुठलं पिंप कुणाशेजारी ठेवायचं नाही
हे झोपेतही सांगेन.
आम्ल पूर्वेला, क्षार पश्चिमेला,
मध्ये दोन हात मोकळी जमीन,
आणि भिंतीवर मीच रंगवलेला तक्ता, लाल अक्षरांत.
त्या तक्त्याखाली बसून
रोज एक वाजता मी डबा उघडत होतो
आणि डब्यातला तक्ता
मला एकदाही वाचता आला नाही.

आता वाचतोय. फोनवरून, रोज एक ओळ.
तुरीला हिंग. बांगड्याला तिरफळं, पण ठेचून, अख्खी नाही.
अळूला चिंच लागतेच, नाहीतर घसा भांडतो.
फणसावर विडा खायचा नाही
(का, ते तिलाही माहीत नाही, तिच्या आत्याने सांगितलेलं).
बाजाराच्या दिवशी, मासळी पानात असली की
दुपारचा चहा हमखास लांबायचा.
मी समजायचो, दूधवाला उशिरा आला.

आणि शिकरण?
केळं नि दूध, वैद्य तर नाकच मुरडतात.
"ते चुकीचंच आहे," ही म्हणाली, "पण तुम्हाला आवडतं.
म्हणून जायफळ किसते वर.
नियम मोडायचा तर थोडी लाच द्यावी."

रात्री भांडी घासताना
मला तो मंगळवार आठवला.
मी रजेवर होतो. साडेबाराला फोन वाजला,
हिने घेतला, "बरं" म्हणाली, ठेवला.
मला वाढलं. वरणावर तूप, लिंबाची फोड,
पडवळाची भाजी, थोडी करपलेली.
मी करपल्याबद्दल बोललो. ती काही बोलली नाही.
भात मागितला, भात आला.
शेवटी ताक, त्यात सैंधव आणि भाजलेलं जिरं.
मी हात धुऊन, पुसून, पंख्याखाली बसलो,
तेव्हा म्हणाली,
"मुरुडचा अनंतदादा गेला."

तिचा सख्खा भाऊ.

मी चिडलो होतो. आधी नाही का सांगायचं?
"पाच तासांची वाट," ती म्हणाली,
"जेवणात कालवलं असतं तर
तुम्हाला दोन्हीही पचलं नसतं."
तिच्या पोटात त्या दुपारी काय होतं
ते मी विचारलं नाही.
आजवर नाही.

काल संध्याकाळी गोदरेजच्या पुढल्या दवाखान्यातून
माझं पाकीट आलं.
दुर्बिणीचा रिपोर्ट. खाली एक शब्द
डॉक्टरांनी पेनने अधोरेखित केलेला.

आठ वाजता फोन लावला.
"जेवलीस?"
"बसतेच आहे. तुमचा आवाज असा का?"
"काय केलंयस?"
"मुगाची खिचडी. पापड. स्वप्नजासाठी आळीव.
अहो, झालंय काय?"
"कुठे काय. आज ओवा घातला होता, बरं का.
तू जेव. सावकाश जेव.
ताक झालं की कर फोन."

पाकीट ओट्यावरच होतं,
मिसळणाच्या डब्याला टेकून.
मी ते उचललं
आणि दोन हात लांब नेऊन ठेवलं.