अर्थ येत नाही

चावी फिरवली की एकदाच, टक्.
पुढे काही नाही.
बाईने अडकित्त्यात सुपारी धरावी
आणि कातरता कातरता विचार बदलावा,
तेवढाच आवाज.

मी पंपाचा मिस्त्री. पवनीला बसस्टँडच्या मागे दुकान.
बोटीचं मला काय कळतं,
पण सोसायटीच्या रेवारामने फोनवर सांगितलं,
"इंजनच ना गा ते,
पान्याखालचं असो का पान्यावरचं."

डिसेंबर. सकाळचे सात.
धरणाच्या पाण्यावरून वाफ निघत होती
आणि बोटीत नऊ बाया,
पलीकडे मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडायला निघालेल्या.
किलोवर मजुरी.
उशीर झाला की चांगला ढीग दुसऱ्यांच्या पुढ्यात जातो.

गिअर न्यूट्रलला आहे का पाहिलं. होता.
हॉर्न दाबला. वाजला,
पण शेवटी घसरला, सर्दी झालेल्या माणसासारखा.
लाइट लावून चावी फिरवली,
लाइटने डोळा मिटला, पुन्हा उघडला.
म्हणजे करंट आहे,
ओझं दिलं की मान टाकते.
बॅटरीच्या टोकांवर हिरवट पांढरं पीठ साचलेलं,
ते धुवायला गरम पाणी कुठून आणू?
इमलाबाईने न बोलता थर्मास पुढे केला.
चहाने धुतलं, पॉलिश पेपरने घासलं, नट आवळले.
टक्.

"टक् तं आमालेबी ऐकू येते मिस्तरी,"
जैतुराबाई म्हणाली, "पुढचं सांगा."

स्टार्टरला पान्याचे दोन ठोके दिले,
झोपल्या गड्याला उठवावं इतपत.
टक्.
स्क्रू-ड्रायव्हर आडवा टाकून दोन बोल्ट जोडले,
मरतुकडी ठिणगी उडाली,
बायांनी पदर आवरले.
बस.

"अर्थ येऊन नाही रायला," मी म्हणालो.

मन्साराम म्हातारा शेजारी डोंगा बांधून तंबाखू मळत होता.
"कायचा अर्थ गा?"

जमीन, मी म्हटलं. हे काळं वायर.
लालमधून गेलेला करंट
काळ्यातून घरी परतला पायजे,
नाही तं चक्कर पुरा होत नाही.

त्याने बांबू पाण्यात सोडला,
सोडतच राहिला,
मूठ पाण्याला टेकली तेव्हा थांबला.
"जमीन तं हे अशी हाये. बारा हात.
इथं माह्या बांधावर बोर होती.
आंबट. कोनी खात नोहोते."
मग तंबाखू तोंडात टाकली
आणि बायांकडे पाहून म्हणाला, "चला."

पाच आणि चार, दोन खेपा.
पहिली निघालीसुद्धा,
मी अजून काळ्या वायरवर बोट फिरवत होतो.
वरून नवीकोरी, चकचकीत.
जिथे वाकत होती तिथे दाबली
तर आत पोकळ,
किडीने खाल्लेली तुरीची शेंग दाबावी तशी.
सोललं. तांबं काळंठिक्कर,
चिमटीत धरलं तर भुकटी.

माझ्या पिशवीत सबमर्सिबलच्या केबलचा तुकडा होता.
तिन्ही तारा एकत्र पिळल्या,
एक टोक बॅटरीला, एक इंजिनच्या अंगाला,
रंग खरवडून, लोखंड उघडं करून.

चावी.

असा भडका आवाज झाला
की झुडपातले पाणकावळे सगळे एकदम उठले,
आणि मी रिकाम्या बोटीत
एकटाच हसत उभा.
तिकडे दुसरी खेप काठाला लागत होती.
जैतुराबाईने मागे वळून पाहिलं नाही,
चपला हातात घेऊन ती चिखलातून चढत होती.

रेवारामने बिलबुक मागितलं.
"खर्ची टाकाले लागते, नीट लिवजो."
मी लिहिलं,
अर्थ नवीन टाकला. केबल धरून रुपये अडीचशे.

इमलाबाईचा चहा
कुठेच मांडला नाही.